वीज कुणावर पडते

बाई,

काल विजेच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं वाचून संपली. मुलांसाठी मी लिहिलेलं हे अकरावं पुस्तक. ग्रहण झालं, भूकंप झाला, गारा झाल्या, धुकं झालं, पण विजेला मी इतकी वर्षं हात लावला नव्हता. संपादक मुलगी हुशार आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिने पहिल्या पानावर स्वतःचं एक वाक्य घालून पाठवलं होतं: ‘पूर्वीच्या अडाणी लोकांना वाटायचं की वीज म्हणजे देवाचा कोप.’ मी ते काढून टाकलं. तिचा फोन आला. “मॅडम, का काढलंत? आधी लोक काय समजायचे आणि खरं काय आहे, हा फरक मुलांना कळायला नको?” मी म्हटलं, सांगते कधीतरी. तिला सांगायचं तर आधी तुमच्याबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते पाच मिनिटांच्या फोनवर जमण्यासारखं नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवे सोडून तीन-चार किलोमीटर आत. आम्हाला विज्ञान शिकवायला तुम्ही नाशिकच्या पंचवटीतून निघायचात, एसटीने फाट्यावर उतरायचात आणि पुढे चालत यायचात. शाळेत पोचेपर्यंत तुमच्या साडीच्या काठावर धुळीची एक तांबूस पट्टी उमटलेली असायची. मी सातवीत होते आणि गावात सगळे मला पायाळू म्हणून ओळखायचे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसाच्या वाट्याला आमच्याकडे दोन गोष्टी येतात. एक, त्याच्या पायाला गुण असतो. कमरेत उसण भरली की पायाळूने लाथ मारायची, उसण निघून जाते. आणि दुसरी, त्याच्यावर वीज पडते. पहिल्या गोष्टीमुळे मला भाव होता. आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं यायची, आमच्या ओट्यावर पालथी पडायची, मी त्यांच्या कमरेवर तीनदा पाय मारायची आणि मूठभर शेंगदाणे घेऊन पळायची. दुसऱ्या गोष्टीमुळे, आभाळ भरून आलं की तीच माणसं माझ्यापासून चार हात लांब उभी राहायची. मला दोन्हींची इतकी सवय होती की यात काही चमत्कारिक आहे असं कधी वाटलं नाही.

तो दिवस सहामाहीच्या आधीचा. परतीच्या पावसाचं आभाळ, दुपारीच वर्गात अंधारून आलेलं. पहिला कडकडाट झाला आणि माझ्या बाकावरच्या दोघी उठून मागे गेल्या. दुसरा झाला तशी एक जण रडायला लागली, “गुरुजी, हिला भाईर काढा ना.” गुरुजी काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वर्ग शांत करायचा होता. “जा बाळ, थोडा वेळ व्हरांड्यात बस,” म्हणाले. मी दप्तर घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, आणि मी आपल्या पायांकडे बघत बसले आहे. रडत नव्हते. हे पाय थोडं थांबून आले असते तर काय बिघडलं असतं, एवढंच मनात येत होतं. तेवढ्यात ऑफिसातून खडूची पेटी घेऊन तुम्ही आलात. “इथे का बसलीस?” मी म्हटलं, “मी पायाळू हाय.” हजेरीला ‘उपस्थित’ म्हणावं तसं.

माझं मनगट धरलंत, मला आत नेलंत, पहिल्या बाकावर बसवलंत आणि त्या एवढ्याशा बाकावर माझ्या शेजारी स्वतः बसलात. “गुरुजी, तुमचा तास चालू द्या. मी जरा बसते इथे.” तुमचे गुडघे बाकात मावत नव्हते. बाहेर लख्ख झालं, मी डोळे मिटले, आणि तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, “डोळे उघड आणि मोज. सेकंदाला एक.” मी मोजायला लागले. नऊवर आवाज आला. “आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. म्हणजे ती किती लांब पडली?” “तीन किलोमीटर,” मी म्हटलं. “मग ती पडूनही झाली. आता पुढची मोज.” पुढची अकरावर आली, त्याच्या पुढची चौदावर. आयुष्यात पहिल्यांदा मी विजेची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शिकवलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं. केसांवर फिरवलेला कंगवा, कागदाचे उडालेले कपटे, आणि मग तुमचं सांगणं: ढगाच्या पोटात गारा आणि बर्फाचे कण असतात, वारा त्यांना वर-खाली फेकतो, ते एकमेकांवर आपटतात, घासतात, आणि वीज साठत जाते, फार साठली की तिला ढगात राहवत नाही. खाली येताना तिला जवळची, उंच, एकटी उभी असलेली वस्तू सापडते. “पण अगदी पहिली ठिणगी नेमकी कशी पडते, ते अजून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नीट उलगडलेलं नाही,” असंही तुम्ही म्हणालात. पुस्तकातलं एखादं उत्तर अजून यायचं आहे, असं कुणी शिक्षक सांगतो हे आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. मागून एकाने विचारलं, “मग बाई, पायाळूवर वीज पडती हे खोटं ना?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही ‘खोटं’ म्हणाल याची मी वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, “मला काय माहीत? मी कुठे बघितलंय? आपण विचारून येऊ.”

दिवाळीच्या सुट्टीचा तो अभ्यास. ज्याने त्याने आपल्या घरी, मामाच्या गावाला, जिथे जाईल तिथे विचारायचं: आपल्या आठवणीत वीज कुणावर पडली, तेव्हा ते कुठे होतं, आणि ते पायाळू होतं का. सुट्टीनंतर फळा भरून गेला. चिंचेखाली थांबलेला एक माणूस. टेकडीवरची मेंढरं. नारळाचं झाड. देवळाचा कळस. उघड्या रानात नांगराला जुंपलेला बैल. प्रत्येकापुढे तुम्ही तिसरा रकाना भरत होतात, आणि बैलाशी आल्यावर अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलंत, “हा पायाळू होता का?” वर्ग हसून लोळला. मीही हसले. मग चांदवडकडून आलेल्या मुलीने सांगितलं की तिच्या मामाच्या गावचा एक मेंढपाळ विजेने गेला आणि तो पायाळूच होता. हसणं थांबलं. मला वाटलं, तुम्ही ते लिहिणार नाही. तुम्ही ठळक अक्षरात लिहिलंत, ‘होय’. आणि विचारलंत, “कुठे होता तो?” माळावर, एकट्या लिंबाखाली. “बरं. आता घरात जिवंत पायाळू माणूस आहे अशांनी हात वर करा.” हात वर झाले, बाई. वर्गातल्या मुलांची आजोबा-मावशी-काकू अशी सगळी पायाळू माणसं, म्हातारी झालेली, धडधाकट, आणि कुणीच त्यांची गोष्ट सांगत नव्हतं, कारण त्यांच्यावर काही पडलंच नव्हतं. “जे घडलं ते लक्षात राहतं,” तुम्ही म्हणालात. “जे घडलं नाही ते कोण मोजतं? आपण मोजायचं.” मुलांसाठी लिहिताना मी आजही एवढंच करायचा प्रयत्न करते.

त्या हिवाळ्यात मी जरा चढले होते. उसणवाल्यांना लाथ मारायचं बंद केलं. ओट्यावर पालथं पडलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, ज्यांची उसण गेली नाही ते परत येऊन सांगतात का? तो बिचारा तसाच कण्हत उठून गेला. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणि मग एप्रिल आला. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. आई रोजाने जायची, सकाळची शाळा सुटल्यावर मीही तिच्याबरोबर पात कापायला. चार वाजता आभाळ आलं. अवकाळी पाऊस कसा येतो तुम्हाला माहीत आहे. ऊन असतानाच एका बाजूने काळं होत जातं. गडगडायला लागल्यावर सगळ्या बाया विळे टाकून बांधावरच्या चिंचेखाली जमल्या. दर वेळी तिथेच जमायच्या. मी ओरडून सांगितलं, झाडाखाली थांबू नका, खताच्या खोलीत चला. ती खोली पक्की होती, विटांची, वर स्लॅब. पण ती शेताच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाऊस डोक्यावर आलेला. “गप बस, लय शहाणी झालीस,” एक जण म्हणाली. पुढची चमकली, मी मोजलं, चारवर आवाज आला. मला तुमचा फळा दिसत होता. चिंचेखालचा तो माणूस. मग मी जे केलं ते विचार करून केलेलं नव्हतं. मी पळत जाऊन चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, “मी पायाळू हाय. माझ्याजवळ थांबता का? थांबा.”

बाया अशा पळाल्या की एकीची चप्पल तिथेच राहिली. आईलाही दोघींनी दंडाला धरून ओढत नेलं. शेत ओलांडून सगळ्या खोलीत गेल्या. मग मी झाड सोडून त्यांच्यामागे धावले. दारापाशी पोचले तर आतून कुणीतरी दार धरलं होतं. “तू तिकडंच थांब गं, आमची लेकरं हायेत घरी.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, मीच ठेवायला लावला होता. मी दाराबाहेर उभी, पावसात, आणि आत आईचा आवाज. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. मग दार धाडकन उघडलं, आई बाहेर आली आणि दार तिच्यामागे पुन्हा लागलं. तिने पदर माझ्या डोक्यावर घातला. मी तिला सांगते आहे, खाली बस आई, पाय जवळ घे, हात टेकू नको, आणि माझ्यापासून लांब बस, चिकटून बसायचं नसतं, बाईंनी सांगितलंय. बाकी सगळं तिने ऐकलं. लांब बसायचं सोडून. मला छातीशी धरून ती उकिडवी बसली होती आणि माझ्या कानात म्हणत होती, “पडली तर दोघींवर पडंल.”

फार वेळ नाही गेला. दार उघडून त्यातली सगळ्यात वयस्क बाई बाहेर डोकावली. आमच्याकडे बघवलं नसेल तिला. “या गं आत, दोघी पण या,” म्हणाली. आत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. खताच्या गोण्यांवर आम्ही ओल्या अंगाने बसलो होतो. चमकलं तशी मी सवयीने मोजायला लागले, मोठ्याने. पाचवर आवाज. पुन्हा, सहावर. काय मोजती गं, कुणीतरी विचारलं. मी सांगितलं. पुढच्या वेळी दोघी-तिघी माझ्याबरोबर मोजत होत्या, आणि पंधरा-सोळापर्यंत जायला लागलो तेव्हा सगळी खोली मोजत होती. चिंचेवर वीज पडली नाही. कुणावरच पडली नाही.

सोमवारी मी तुम्हाला हे सगळं सांगितलं तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती. तुम्ही टेबलावर हात आपटलात. “झाडाखाली तू का उभी राहिलीस? तुला माहीत होतं ना?” मी तुम्हाला कधी चिडलेलं बघितलं नव्हतं, म्हणून मला आधी कळलंच नाही की तुम्ही घाबरला आहात. मग तुम्ही आईबद्दल पुन्हा विचारलंत. ती बाहेर आली तेव्हा काय म्हणाली, कशी बसली, सगळं. मी सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, “त्या दिवशी मी तुझ्याशेजारी येऊन बसले, त्यात विशेष काही नव्हतं. तू पायाळू म्हणून काही होणार नाही, हे मला माहीत होतं. तुझ्या आईला पक्की खात्री होती की होणार. तरी ती बाहेर आली.” मी तेरा वर्षांची होते. तुम्ही काय म्हणालात ते मला तेव्हा अर्धंच कळलं. पण घरी जाऊन मी आईच्या हातातला झाडू घेतला आणि अंगण झाडलं.

पुढच्या रविवारी तुम्ही सुट्टीच्या दिवशी एसटी धरून आलात, ते त्या शेतात. बाया लाजल्या, कुणी पोतं आंथरायला धावलं. तुम्ही विळा मागून घेतलात आणि ओळीत बसून पात कापायला लागलात. तुमचा हात संथ होता, कापही वाकडे जात होते, बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग एकीनेच विषय काढला, “बाई, ही पोर म्हणती पायाळूचं खरं नाय. मग तो चांदवडकडचा मेंढपाळ?” तुम्ही सांगत गेलात, त्या विचारत गेल्या. वर्गातल्या आमच्यापेक्षा त्यांचे प्रश्न किती तरी तिखट होते. सोनं अंगावर असलं तर पडते का? मग देवळावर का पडते, देवाला कळत नाही का? या प्रश्नावर तुम्ही म्हणालात, “देवाचं मला सांगता येणार नाही. कळस उंच असतो, एवढं मला ठाऊक आहे.” आणि शेवटी त्या वयस्क बाईने विचारलं, “आभाळ आलं की काम टाकून पळायचं म्हणता. मुकादम आमचा रोज कापतो त्याचं काय?” विळा खाली ठेवून तुम्ही उठलात आणि तडक शेतमालकाच्या घरी गेलात. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. पण त्या हंगामापासून त्या शेतावर नियम झाला: चमकल्यावर तीसच्या आत आवाज आला तर सगळ्यांनी खोलीत जायचं, आणि तेवढ्या वेळाचा रोज कुणाचा कापायचा नाही. मालक कुरकुरायचा, पण नियम मोडला नाही. पुस्तकात विजेपासून कसं वाचायचं हे मी एका पानात लिहिलं आहे. ते पान लिहिताना मी सारखी थांबत होते. पक्क्या घरात जा, असं लिहिणं सोपं असतं. जायला मिळेल अशी सोय तुम्ही केलीत.

जूनमध्ये आठवीच्या भित्तिपत्रकासाठी मी विजेवर लेख लिहिला. सुरुवात अशी होती: ‘खेड्यातले अडाणी लोक समजतात की…’ तुम्ही पेन्सिलीने ‘अडाणी’ या शब्दाखाली रेघ ओढलीत आणि वही माझ्याकडे सरकवलीत. “यात तुझी आई बसते का?” एवढंच विचारलंत. मी तो शब्द खोडला. मग सगळं वाक्य खोडलं. मग पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. ज्यांनी विजेला देवाचा कोप म्हटलं ते बिनडोक नव्हते, त्यांनाही प्रश्न पडला होता आणि हाताशी जे होतं त्यातून त्यांनी उत्तर रचलं, आपल्या हाताशी जास्त आहे, असं काहीतरी. माझी भाषा तेव्हा धड नव्हती. पण ते वाक्य थोडं सुधारून मी सगळ्या पुस्तकांत लिहीत आले आहे, आणि काल त्याच जागेवर, संपादक मुलीच्या वाक्याच्या ठिकाणी, तेच घातलं.

दहावीनंतर मी नाशिकला कॉलेजात आले तेव्हा तुम्ही मला तुमचं बी.एस्सी.चं पदार्थविज्ञानाचं इंग्रजी पुस्तक दिलंत. मला ते तेव्हा वाचता येत नव्हतं. समासात मात्र तुमच्या पेन्सिलीच्या मराठी नोंदी होत्या, आणि मी ते पुस्तक समासासमासानेच वाचत गेले. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘प्रभार – मुलांना कळत नाही. साठलेली वीज? ओझं? शब्द अजून शोधायचा.’ एका आकृतीशेजारी, ‘हे मलाच नीट समजलेलं नाही, आधी समजून घ्यायचं.’ पुस्तकाची पानं आता पिवळी पडून तुटायला आली आहेत. नोंदी अजून वाचता येतात. कुणी मला विचारतं की मुलांसाठी विज्ञान लिहायला तुम्ही कुठे शिकलात, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. एका बाईने एका शब्दाशी वर्षानुवर्षं केलेली झटापट मी समासात वाचली, हे सांगायला मला अजून जमलेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझं एकही पुस्तक निघालं नव्हतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे, गावीच असते, धाकट्या भावाकडे. तुम्ही त्या रविवारी शेतात जे सांगितलंत ते तिने सगळं ऐकलं होतं, मान डोलावली होती, तुमच्यासाठी घरून चहाही आणला होता. तरीही आजतागायत कुठे आभाळ गडगडलं की तिचा फोन येतो. “घरात हायेस ना?” मी म्हणते, “हो आई, घरातच आहे.” कधी गंगापूर रोडवर रिक्षात असते, कधी एखाद्या शाळेच्या मैदानावर मुलांपुढे विजेबद्दलच बोलत उभी असते, तरी हेच म्हणते. समोरच्या माणसाला नीट समजावून सांगायला तुम्ही मला एकाच दुपारी शिकवलं होतंत. अकरा पुस्तकांतून मी कुणाकुणाच्या मुलांना ते सांगितलं. आईला मात्र मी एकदाही समजावलेलं नाही, बाई. तिला पटलं तर तिचा फोन येणार नाही.